मदत हवी आहे : शाळेतल्या रंगीत काचेच्या खिडकीसाठी

नमस्कार मंडळी. साताऱ्यातल्या आमच्या शाळेच्या जिन्यावर रंगीत काचेची खिडकी आहे. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत धारातीर्थी पडलेल्या माजी विद्यार्थ्यांची नावं आणि गावं तिच्यावर आहेत.

यंदाच्या पावसात खालचा भाग पोट सुटल्यासारखा पुढे आलाय. काचा धड आहेत, त्यांना धरणाऱ्या शिशाच्या पट्ट्या दमल्यात. एक काचवाला म्हणाला, "सिलिकॉन मारून टाकतो." मी हात जोडले. एकदा ते चिकटलं की काचा सुट्या करणं अवघड. पुण्या-कोल्हापूरकडे चर्चच्या जुन्या काचा उतरवून नव्या शिशात बसवणारा कारागीर कुणाला माहीत आहे का?

दुसरी अडचण मोठी. कुणीतरी उत्साहाने साबण लावून घासलं आणि एका गावाचं शेवटचं अक्षर गेलं. (भट्टीत भाजलेला रंग असा जात नाही, ते नंतर वरून रंगवलेलं असणार.) उरलंय फक्त 'वडू'. आता वडूज की वडूथ? शाळेचं जुनं जनरल रजिस्टर वाळवीने खाल्लंय. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अशी माहिती मिळते का? अर्ज कसा करायचा? दोन्ही गावचे कुणी असाल तर आधी तुम्हीच बोला.