शेणखत, युरिया आणि तीन वर्षं

काहीजण म्हणतात, शेणखत टाकलं की युरियाची गरजच नाही. मला हे पटत नाही, आणि मी सेंद्रियाच्या बाजूचा आहे. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत जवळपास २० किलो नत्र (नायट्रोजन) असतं. कुजलेल्या शेणखतात ते जेमतेम अर्धा टक्का. म्हणजे तेवढ्याच नत्रासाठी चार टन शेणखत! ज्याच्या दावणीला एकच गाय, त्याने ते आणायचं कुठून? श्रीलंकेने २०२१ मध्ये रासायनिक खतं एकदम बंद केली आणि काही महिन्यांतच निर्णय मागे घ्यावा लागला.

पण जमीन सुधारते ती सेंद्रियानेच. मुलुंडला आमच्या गच्चीवर ड्रममध्ये ओला कचरा कुजवतो. पहिल्या वर्षी घाईने अर्धकच्चं खत मिरचीला घातलं, आठवड्यात रोपं पिवळी पडली. आता खत काळं, भुसभुशीत होऊन पावसानंतरच्या मातीसारखा वास येईपर्यंत हात लावत नाही. कुंड्यांतली माती आता मे महिन्यातही ओल धरते.

दादरला महाग सेंद्रिय भाजी घेताना प्रमाणपत्र जरूर विचारा. पण शेतकऱ्यावर चिडू नका. रासायनिक शेतीकडून सेंद्रियाकडे वळताना पहिली दोन-तीन वर्षं उत्पन्न घटतं आणि माल 'सेंद्रिय' म्हणून विकताही येत नाही.