क्रेपस्क्युलर म्हणजे नुसतं अंधुक नव्हे

एका ताईंनी विचारलंय की इंग्रजीतले क्रेपस्क्युलर (संधिप्रकाशाच्या वेळचा) आणि डस्की हे शब्द एकाच अर्थाचे ना, मग डस्कीच का लिहू नये. मला नाही वाटत एकच. डस्कीत रंग आहे, काळपटपणा आहे, माणसाच्या वर्णालाही लावतात. डिम म्हणजे फक्त उजेड कमी, खोलीतला बल्बसुद्धा डिम असतो. क्रेपस्क्युलरमध्ये मात्र वेळ आहे, लॅटिनमध्ये क्रेपस्क्युलम म्हणजे संधिप्रकाश त्यावरून आलाय, आणि तो संध्याकाळचाही चालतो पहाटेचाही, हे बरेच जण विसरतात. फक्त संध्याकाळच म्हणायची असेल तर व्हेस्परटाइन, सकाळचं असेल तर मॅट्युटिनल. आमच्या वेंगुर्ल्याच्या अंगणात गुलबक्षी दुपार कलली की उमलते, तिला व्हेस्परटाइन म्हणेन. आणि रातवा पक्षी, जो दिवेलागणीला नि परत झुंजुमुंजू व्हायच्या आधी जास्त ओरडतो, तो क्रेपस्क्युलर, जरी रात्रीही फिरतो तरी.

जीवशास्त्रात हा शब्द अगदी रुळलेला आहे, डायर्नल म्हणजे दिवसा हिंडणारे, नॉक्टर्नल रात्री, आणि हे मधल्या वेळेचे. ललित लेखनात मात्र जपून वापरा हो, कारण जड शब्द आहे, वाक्यात एकटाच उठून दिसतो. पाऊस सरताना ढगांच्या फटीतून समुद्रावर किरणांचे पट्टे उतरतात ना, त्यांनाही क्रेपस्क्युलर रेजच म्हणतात, आणि ते चक्क भरदुपारीही दिसतात.

मराठीत करायचं तर, वेळ संध्याकाळची असेल तिथे, मी तिन्हीसांजेचा लिहीन. कातरवेळ नको, त्यात हुरहूर आहे, ती इंग्रजी शब्दात मुळात नाही.