मदत हवी आहे: मशीन शॉपसाठी ईआरपी (खरेदी, स्टॉक, शॉपचं काम सगळं एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) घ्यावं की टॅलीतच भागवावं?

नमस्कार मंडळी,

कोल्हापूरला शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. मामांनी (म्हणजे सासऱ्यांनी) सुरू केलेलं, आता शॉप नवरा बघतो आणि बिलिंग, खरेदी, जीएसटी, बँक, कस्टमरचे मेल हे सगळं माझ्याकडे. काम म्हणाल तर फाउंड्रीतून कास्टिंग (ओतीव भाग) घ्यायचं, रफिंग (पहिलं ओबडधोबड मशिनिंग) बाहेर जॉबवर्कला, म्हणजे मजुरीवर करून घ्यायला, फिनिशिंग आमच्या सीएनसी-व्हीएमसी या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, पेंटिंग परत बाहेर, आणि माल पुण्याच्या कस्टमरला.

टॅली आहे, बिलाचं काही अडत नाही. उलाढाल ५ कोटींच्या वर असल्यामुळे ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस लागलं, तेही आता सवयीचं झालंय. अडतं ते बिलाच्या आधी. कुठला माल कुठे पडलाय हे एका जागी कुठेच नाही. गेटवर एक रजिस्टर, सुपरवायझरची डायरी, माझी एक्सेल, आणि चलनांचे फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर, त्यातच गुड मॉर्निंगची फुलं पण. कस्टमरचा फोन आला की आज किती नग निघतील, तर मी रफिंगवाल्याला, पेंटरला आणि खाली शॉपमध्ये फोन लावत बसते आणि तिघांचे आकडे मिळून जो येतो तो गेटच्या रजिस्टरशी जुळत नाही.

आणि आयटीसी-०४ (जॉबवर्कला गेलेल्या-आलेल्या मालाचा जीएसटीचा फॉर्म)! ऑक्टोबर आणि एप्रिलच्या २५ तारखेआधीचे दिवस कसे जातात ते मलाच माहीत. सहा महिन्यांची जावक-आवक चलनं लावायची, त्यात रफिंगवाला कधीकधी माल आमच्याकडे न आणता परस्पर पेंटरकडे टाकतो, त्याचं चलन असलं तर असतं. सीए म्हणतात वर्षाच्या आत माल परत आल्याचं दाखवता आलं नाही तर पाठवला त्या तारखेपासून तो पुरवठा धरतात, टॅक्स अधिक व्याज.

एका ईआरपीवाल्यांचा डेमो झाला. स्क्रीनवर रंगीत ग्राफ खूप दाखवले, पण मी विचारलं की कास्टिंग आम्ही किलोवर घेतो आणि जॉबवर्क नगावर देतो, मशिनिंग झाल्यावर वजन कमी होतं, बोरिंग (मशिनिंगचा चुरा) वेगळं विकतो, हे तुमच्यात कसं बसेल, तर म्हणाले कस्टमाइझ करू मॅडम. त्याचा खर्च वेगळा. मामा म्हणतात डायरीवर इतकी वर्षं धंदा झालाच की. नवऱ्याला घ्यायचंय पण एंट्री कोण मारणार विचारलं की माझ्याकडे बघतो.

तर विचारायचंय असं की एवढ्याशा शॉपला ईआरपी झेपतं का, ईआरपीनेक्स्ट फुकट आहे म्हणतात ते कुणी वापरलंय का, की टॅलीतच काही होतं?

प्रतिसाद (खतावणी):
टॅलीत होतं की. जॉब ऑर्डर प्रोसेसिंग चालू केलंत की मटेरियल आउट आणि मटेरियल इन अशी व्हाउचर्स मिळतात, प्रत्येक जॉबवर्करच्या नावाने गोडाऊन उघडायचं आणि थर्ड पार्टीकडचा स्टॉक अशी खूण करायची. कोणाकडे किती पडलंय ते लगेच दिसतं. आधी आहे ते वापरून बघा, मग पैसे घाला.

प्रतिसाद (व्हीएमसीवाला):
आम्ही ईआरपीनेक्स्ट वापरतो. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं आहे, ओपन सोर्स, लायसन्सचे पैसे नाहीत हे खरं पण फुकट म्हणू नका, सर्व्हर लागतो, बसवून देणारा लागतो आणि तुमच्या घरचं एक माणूस त्यात पूर्ण उतरावं लागतं. सबकॉन्ट्रॅक्टिंग आणि बॅच नंबर दोन्ही आहे त्यात.

किलो-नगाचं सांगतो. स्टॉक फक्त नगात ठेवा. वजन हे फाउंड्रीचं बिल तपासण्यापुरतं, स्टॉकमध्ये किलो आणलेत की आयुष्यभर फरक शोधत बसाल कारण दोन कास्टिंगचं वजन कधी सारखं नसतं. आणि एकाच पार्टला कच्चा, रफ आणि फिनिश असे तीन वेगळे आयटम कोड करा, नाहीतर ५०० नग दिसतील पण त्यातले पाठवण्यासारखे किती ते कळणार नाही. खरं काम हे कोड बनवण्याचं आहे, कुठलंही सॉफ्टवेअर घेतलंत तरी ड्रॉइंग नंबर आणि रिव्हिजनसकट तुम्हालाच बसून करावं लागेल.

प्रतिसाद (शिफ्टइनचार्ज):
सॉफ्टवेअर कुठलं हा प्रश्न नंतरचा. सुपरवायझरला दिवसभराचं काम झाल्यावर संध्याकाळी एंट्री मारायला सांगितलंत तर तो नाही मारणार आणि मारली तर आठवून मारेल. आमच्याकडे हाताने चलन लिहिणं बंद केलं. चलन सिस्टिममधूनच छापून निघतं आणि छापील चलन नसेल तर वॉचमन गाडी सोडत नाही, मालकाची असली तरी. पहिले काही दिवस गेटवर शिव्या ऐकल्या. पण एंट्री वेगळी मारावीच लागत नाही मग, चलन निघालं म्हणजे एंट्री झाली. परस्पर पेंटरकडे जाणाऱ्या मालाला नियमाची आडकाठी नाही पण कागद पाहिजे, रफिंगवाल्याने उचलायच्या आधी तुम्हाला मेसेज टाकायचा, त्याशिवाय त्याचं बिल पास करायचं नाही. बिलावर हात ठेवला की सगळे शिकतात.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार, किलो-नगाचं पटलं, डेमोवाल्यांनी हे एका वाक्यात सांगायला हवं होतं. ठरवलंय की सगळ्यात जास्त जाणारा एकच पार्ट आणि एकच रफिंगवाला घेऊन टॅलीच्या मटेरियल आउटने सुरू करते, ऑक्टोबरचं आयटीसी-०४ त्यातून निघतंय का बघू. चलन गेटवरच छापायचं, मामांना मी सांगते, नवरा नाही सांगणार.

एक राहिलं. ब्लोहोल (कास्टिंगच्या आतली पोकळी) निघाला की सीआर, म्हणजे कास्टिंग रिजेक्शन धरून फाउंड्रीला डेबिट टाकतो, पण ते हीट नंबर (भट्टीच्या कुठल्या वितळणीतला माल तो नंबर) मागतात आणि रफिंगहून येईपर्यंत माल मिक्स झालेला असतो. हे टॅलीत होईल का?

प्रतिसाद (व्हीएमसीवाला):
टॅलीत बॅच चालू करून हीट नंबर टाकता येतो. पण आधी क्रेट वेगळे करा, एका क्रेटमध्ये एकच हीट, आणि हीट नंबर कास्टिंगवर अशा जागी उठवायला सांगा जिथे टूल लागत नाही. आमचा नंबर पहिल्या फेसिंगलाच (वरचा पृष्ठभाग सपाट करताना) उडायचा, फाउंड्रीला सांगून पॅटर्नमध्ये (साचा बनवायच्या नमुन्यात) जागा बदलून घेतली. चलनावर हीटचा कॉलम टाका, तो रिकामा असेल तर छापू देऊ नका.