मदत हवी आहे: ड्रिपच्या खताला चीनशिवाय काही पर्याय आहे का?

नमस्कार मंडळी, जालन्याकडं मोसंबी आहे आमची, आंबे बहार (जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा) धरतो, सगळं खत ड्रिपमधूनच जातं. 2025 ला चीननं विद्राव्य (पाण्यात विरघळणाऱ्या) खताचा माल अडवला तेव्हापासून डोक्यात हेच चालू आहे, कारण भारतात येणाऱ्या या खतातला 80 टक्क्यांच्या आसपास माल तिकडूनच येतो म्हणे, आणि आपण इकडं मोबाईल-खेळण्यांवर बहिष्काराच्या गप्पा हाणतो! दुकानदाराला विचारलं तर म्हणतो भारतीय कंपनीची बॅग आहे, पण नुसतं पॅकिंग इथं असंल तर काय उपयोग?

तर विचारायचं असं की 13:00:45 (पोटॅशियम नायट्रेट, आकडे नत्र-स्फुरद-पालाशचे) चिली किंवा इस्रायलचं कुणी वापरलंय का, रेट किती पडतो? 12:61:00 (स्फुरदाचं विद्राव्य खत) ऐवजी फॉस्फरिक ॲसिड सोडणारे कुणी आहेत का, त्यानं ड्रिपर साफ राहतात हे खरंय, पण प्रमाण सांभाळायची भीती वाटते. सिंगल सुपर फॉस्फेट जमिनीतून द्यावं म्हटलं तर ते इथं बनतं खरं, पण त्याचा दगड (रॉक फॉस्फेट) काही राजस्थानात निघत असला तरी बराचसा जॉर्डन-मोरोक्कोसारख्या बाहेरच्या देशांकडूनच येतो, म्हणजे तिथंबी तेच.

आणि बॅगवर मूळ देश कुठं छापलेला असतो? परभणी विद्यापीठातलं कुणी ग्रुपवर असंल तर सांगा, फळाच्या फुगवणीच्या आधी ठरवायचंय.