मदत हवी आहे: 'एक्सपोसितो' या स्पॅनिश आडनावाचा अर्थ? (पत्रिका छापायला जायची आहे)

शेवंती:

नमस्कार मंडळी. विषय घरगुती आहे, पण इथे स्पॅनिश येणारे दोन-तीन जण आहेत हे जुन्या धाग्यांवरून माहीत आहे, म्हणून विचारतेय.

माझ्या भाचीचं लग्न ठरलंय. ती वालेन्सियाला शिकायला गेली, तिथेच नोकरीला लागली आणि मुलगाही तिथलाच. विरोध वगैरे काही नाही, तो अंक वर्षापूर्वीच पार पडला. मुलगा दोनदा येऊन गेलाय, थालीपीठ मागून खातो, माझ्या आईला 'आजी' म्हणतो. सगळं आलबेल होतं. मग पत्रिकेचा विषय निघाला.

मुलाचं आडनाव 'एक्सपोसितो रुईस'. भाऊजींनी (भाचीचे बाबा) मराठीत कसं लिहायचं म्हणून गूगल केलं आणि पहिल्याच ओळीत आलं, 'टाकून दिलेलं मूल'. त्यांनी तो स्क्रीनशॉट फॅमिली ग्रुपवर टाकला. सोबत एक अक्षर नाही, नुसता स्क्रीनशॉट. त्यावर ताईच्या चुलत सासूबाईंनी विचारलं, "म्हणजे कूळ काय समजायचं?" ग्रुप दोन तास चिडीचूप. शेवटी कुणीतरी सुप्रभातचं फूल टाकलं, दुपारी तीन वाजता.

आता भाऊजी म्हणतात पत्रिकेत नुसतं 'रुईस' घालू, तेही त्याचंच आडनाव आहे. भाची म्हणते ते त्याच्या आईकडचं आहे, आणि असलं काही केलंत तर मी एकही पत्रिका वाटणार नाही. मधल्यामध्ये मी, कारण छापखाना माझ्या ओळखीचा.

तर या आडनावाचा अर्थ खरंच तोच आहे का? तिकडे ते लावणाऱ्याला कमीपणा वाटतो का? दोन आडनावांतलं मुख्य कुठलं? आणि मुलाला सरळ विचारलं तर चालेल का? गुरुवारपर्यंत मजकूर द्यायचाय.

दुभाषी:

शेवंतीताई, अर्थ तोच आहे. लपवण्यात हशील नाही. लॅटिनमध्ये 'एक्सपोसितुस' म्हणजे बाहेर ठेवलेला. आपण 'एक्स्पोज होणं' म्हणतो, तो शब्द त्याच घराण्यातला. चर्चच्या पायरीवर किंवा अनाथालयाच्या दारात ठेवलेल्या, आईबाप अज्ञात असलेल्या बाळाची नोंद करताना हे आडनाव लावायचे.

माद्रिदच्या अशा घराला 'इन्क्लुसा' म्हणत. तिथे मेरीची एक मूर्ती होती, ती हॉलंडमधल्या एन्कहाउझेन गावाहून आणलेली, आणि त्या गावाच्या नावाचाच अपभ्रंश होऊन 'इन्क्लुसा' झालं असं सांगतात. पुढे स्पेनभर अशा कुठल्याही घराला इन्क्लुसाच म्हणू लागले. भिंतीत एक फिरतं लाकडी पिंप असायचं, त्याला 'तोर्नो'. बाहेरून बाळ त्यात ठेवायचं, पिंप फिरवायचं, घंटा वाजवायची. आतली बाई बाळ उचलून घेणार, बाहेर कोण होतं ते तिला दिसणार नाही. पुष्कळ बाळांच्या अंगावर काहीतरी खूण सापडायची: फितीचा तुकडा, अर्धं कापलेलं पदक, चिठ्ठी. कधीतरी परत येऊन ओळख पटवता यावी म्हणून. आता सांगा, फीत अर्धी कापून अर्धी स्वतःजवळ ठेवणाऱ्या बाईबद्दल 'टाकून दिलं' हा शब्द बरोबर आहे का?

कमीपणाचं म्हणाल तर एके काळी होता, आणि तो सरकारदरबारीही कळत होता. १७९४ मध्ये राजा चौथा कार्लोस याने हुकूम काढला की अशी सगळी मुलं कायद्याने औरस धरायची, आणि त्यांना कुणी अनौरस, जारज असं म्हटलं तर तो अब्रूचा गुन्हा. पुढे १९५७ च्या नागरी नोंदणी कायद्यात 'एक्सपोसितो' आणि तशाच इतर आडनावांचा नाव घेऊन उल्लेख होता: ज्याला नकोसं असेल त्याला बदलून घेता येईल, घरातलं दुसरं नसेल तर एखादं चारचौघांसारखं आडनाव मिळेल. पुष्कळांनी बदललं. म्हणजे आज जे लावतात त्यांच्या घरात कधीतरी कुणीतरी ते न बदलायचं ठरवलंय. एस्तेर एक्सपोसितो नावाची तरुण नटी तर जगभर प्रसिद्ध आहे, भाचीला विचारा.

मुख्य आडनाव म्हणाल तर पहिलं. रिवाजाने पहिलं बापाकडचं, दुसरं आईकडचं. बाई लग्नानंतर बदलत नाही, त्यामुळे भाची आहे तीच राहील. (क्रम आता आईबापांनी ठरवायचा असतो. २०१७ पासून बापाचं आपोआप पहिलं येत नाही.) नुसतं 'रुईस' छापलंत तर त्याच्या वडिलांना पत्रिकेतून वगळल्यासारखं होईल. व्याह्यांशी पहिलीच भेट अशी नको.

जाता जाता: 'रुईस' म्हणजे रुयचा मुलगा, रुय हे रोद्रिगोचं लघुरूप. रोद्रिगेस, गोन्सालेस, पेरेस सगळी तशीच. आपण मधे बापाचं नाव लावतो, त्यांचं गोठून आडनाव झालं. आणि स्पेनमध्ये बहुतेक ठिकाणी उच्चार 'रुईथ' असा होतो. 'रुईस' म्हणणार दक्षिण अमेरिकेतले.

नेपल्सचा_पाहुणा:

मी तीन वर्षं नेपल्सला होतो. तिथे याचंच इटालियन रूप 'एस्पोझितो', आणि ते इतकं सर्रास की आमच्या मजल्यावर दारावरच्या तीन पाट्या त्याच नावाच्या होत्या, एकमेकांशी नातं शून्य. तिथल्या आनुन्झियाता चर्चपाशी ते फिरतं चाक होतं, १८७५ मध्ये बंद झालं. फ्लोरेन्सला अशा मुलांना 'इनोचेन्ती' आडनाव मिळायचं, म्हणजे निष्पाप. मिलानला 'कोलोंबो', कबुतर, कारण तिथल्या रुग्णालयाचं चिन्ह कबुतर होतं. भाऊजींना सांगा, अर्ध्या इटलीचं कूळ काढावं लागेल.

चकलीबहाद्दर:

'इग्लेसियास' पण त्यातलंच ना? इग्लेसिया म्हणजे चर्च. म्हणजे तो गायकसुद्धा...

दुभाषी:

नाही हो, तसं सरसकट म्हणता येत नाही. 'इग्लेसियास', 'दे ला क्रुस', 'सान्ता मारिया' ही आडनावं अशा मुलांना दिली जात हे खरं, पण चर्चजवळ राहणाऱ्याला किंवा त्या नावाच्या गावच्या माणसालाही तीच मिळाली. आडनावावरून एका माणसाची जन्मकथा काढू नये. एक्सपोसितोचंही तेच: सहा पिढ्या मागे गेलं की ६४ पूर्वज होतात, आडनाव त्यातल्या एकाचं. उरलेले ६३ कोण होते हे ते सांगत नाही. ज्यांचं आडनाव गार्सिया आहे त्यांचं तरी कुठे कळतं? स्पेनमधलं सगळ्यात जास्त आढळणारं आडनाव, चौदा लाखांहून अधिक लोकांचं पहिलं आडनाव, आणि मूळ शब्द बास्क भाषेतला 'अस्वल' की 'तरुण' यावर अजून भांडणं चालू आहेत.

अर्जेंटिनातही हा शब्द आहे. ब्युनॉस आयर्सला १७७९ मध्ये अशा मुलांसाठी घर निघालं आणि त्याच्या खर्चासाठी पुढच्याच वर्षी छापखाना. त्याचं नावच 'टाकलेल्या मुलांचा छापखाना'. शेवंतीताई, तुमच्या छापखानेवाल्यांना ऐकवा.

माजघर:

कूळ विचारणाऱ्या सासूबाईंना पुण्यातलीच गोष्ट सांगा. जोतीराव-सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, फसलेल्या विधवांनी गुपचूप येऊन बाळंत व्हावं म्हणून. तिथे आलेल्या काशीबाईचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला, तोच डॉक्टर यशवंत फुले. त्याला वेगळं आडनाव न देता स्वतःचं दिलं, एवढाच काय तो फरक.

आणि मुलाला विचाराच. पण ग्रुपवर नको, आणि भाऊजींनी नको.

शेवंती:

सगळ्यांचे मनापासून आभार. दुभाषींचा पहिला प्रतिसाद मी आईला मोठ्याने वाचून दाखवला. फितीच्या तुकड्यापाशी तिने हात वर करून थांबवलं, आणि थोड्या वेळाने म्हणाली, "पुढे वाच."

मुलाला भाचीनेच विचारलं. तो म्हणे हसला. पणजोबांचे वडील इन्क्लुसातले, घरात सगळ्यांना माहीत आहे. आजोबांना आडनाव बदलायचा सल्ला कुणी दिला होता, ते म्हणाले मग बापाला काय तोंड दाखवू.

भाऊजींनी स्क्रीनशॉट डिलीट केलाय. (आपण सगळ्यांनी पाहिलेला स्क्रीनशॉट डिलीट करून काय मिळतं कोण जाणे.) पूर्ण नाव छापायचं ठरलं, दोन्ही आडनावांसकट. सासूबाईंना फुल्यांचं सांगितलं, त्या काही बोलल्या नाहीत, पण अहेराची यादी मागवली आहे.

आत्ताच पहिलं प्रूफ आलं. 'चि. दानिएल एक्सपोर्टितो रुईस'. उद्या सकाळी परत छापखान्यात जाते.