एल्कसाठी रायफल: आधी खांद्याचा विचार करा
अमेरिकेतल्या कोलोरॅडोत एल्कच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या हरणाच्या, शिकारीला पहिलीच रायफल .३०० विन्चेस्टर मॅग्नम घ्या, हा तुमचा सल्ला मला पटत नाही. १९६३ पासूनचं हे काडतूस उत्तमच, पण बार उडताना खांद्याला बसणारा धक्का ६.५ क्रीडमूर या सौम्य काडतुसाच्या जवळपास दुप्पट. नवखा माणूस चाप ओढताना डोळे मिटतो आणि गोळी पोटात लागते. तीनशे किलोचं जनावर मग रात्रभर तडफडतं. ते मला सहन होत नाही. मी .३०-०६ हे काडतूस म्हणेन, आणि धक्का कमी बसावा म्हणून रायफल जरा जडच. तिथल्या नियमात किमान .२४ कॅलिबर (म्हणजे .२४ इंच व्यासाची) नि ८५ ग्रेनची (साधारण साडेपाच ग्रॅमची) गोळी आहे, पण ते किमानच. आणि वारा! ४०० यार्डांवर ताशी १० मैलांचा आडवा वारा गोळी सहज फूटभर सरकवतो. सरावात ज्या अंतरावर प्रत्येक गोळी ताटलीएवढ्या वर्तुळात बसते, त्यापलीकडच्या जनावरावर कृपया चाप ओढू नका.