एका दिवसात हरिद्वार ते घांगरिया?

पहाटेची बस धरली तर त्याच रात्री घांगरियाला, म्हणजे उत्तराखंडातल्या फुलांच्या घाटीच्या (व्हॅली ऑफ फ्लॉवर्स) पायथ्याच्या गावी, मुक्कामाला पोचता येईल, असं कुणीतरी लिहिलंय. कृपया असा बेत आखू नका. ऋषिकेशपासून जोशीमठ साधारण २५० किलोमीटर असलं, तरी रस्ता सगळा घाटाचा. बसला दहा-अकरा तास सहज लागतात. गोविंदघाट त्याच्याही पुढे, तिथून पुलना गावापर्यंत जीप आणि मग दहाएक किलोमीटरची खडी चढण. अंधारात ती चढायची नाही. पहिला मुक्काम जोशीमठ किंवा गोविंदघाटलाच ठेवा. फुलांच्या घाटीत राहायला परवानगी नाही आणि दुपारनंतर आत सोडत नाहीत, त्यामुळे घाईने हाती काहीच लागत नाही.

बसपेक्षा खासगी गाडीच बरी, असंही कुणी सुचवलंय, ते मात्र पटलं नाही. फुलं जुलै-ऑगस्टमध्ये, दरडीही तेव्हाच. श्रीनगर (काश्मीरचं नव्हे, याच रस्त्यावरचं) ओलांडल्यावर सिरोबगडला आमची बस अडकली होती. पुढे जेसीबी राडारोडा ढकलत होता आणि वरून खडे घरंगळतच होते. थोडी वाट झाल्यावर दोन्ही बाजूंच्या कंडक्टरांनी आपसांत बोलून प्रवाशांची अदलाबदल केली. पाठीवर सॅक घेऊन आम्ही चिखलातून पलीकडे गेलो आणि समोरच्या बसमध्ये बसलो. खासगी गाडीवाले तिथेच थांबून राहिले. म्हणून सामान पाठीवर मावेल एवढंच घ्या, चाकांची बॅग अजिबात नको. आणि ऋषिकेशहून निघताना उजवीकडची खिडकी पकडा, देवप्रयागपर्यंत गंगा त्याच बाजूला असते.